सावलीतली खुर्ची

थांब्याला बॅट घेऊन नुसता उभा राहिलेला पाहणं हा माझ्या कॉलेजच्या दिवसांतला सगळ्यात मोठा वैताग होता. पहिल्याच सामन्यात तो चार वेळा खेळायला गेला आणि चारही वेळा त्याने बॅट म्हणून हलवली नाही. पिचर चेंडू टाकतोय, आम्ही बाकावरून "मार, मार" करून घसा फोडतोय, आणि हा गडी चेंडूकडे असा बघतोय, जणू दारावर आलेल्या विक्रेत्याचं सगळं ऐकून घ्यायचं आहे पण घ्यायचं काहीच नाही. बेसबॉलमध्ये गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत आणि हिटरसमोर जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या रुंदीत आलेला चेंडू तो आतला, बाकीचे सगळे बाहेरचे. बाहेरचे चार चेंडू सोडले की हिटरला पहिला बेस, म्हणजे धावेतला पहिला टप्पा, फुकट मिळतो. थांब्या चारही वेळा असा फुकटात चालत गेला. त्याचं खरं नाव रोशन, पण त्या संध्याकाळपासून ते फक्त हजेरीपटावर उरलं.

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळायचो. अजूनही जळतो. तेव्हा त्याच्याबद्दल इथे काही चांगलं लिहिलेलं आढळलं, तर ते मी दात-ओठ खाऊन लिहिलं आहे असं समजा.

आमच्या कोपरखैरण्याच्या कॉलेजात बेसबॉल म्हणजे क्रिकेटच्या निवडीत गळलेल्या पोरांचा खेळ. त्या गळलेल्यांत मी राजा होतो. मला सगळे 'तोफ' म्हणायचे. मैदानाच्या पलीकडे एक नाला होता आणि त्याच्याही पलीकडे चेंडू टाकणारा अख्ख्या संघात मी एकटा. नाल्यापार चेंडू गेला की पोरं ओरडायची, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गांच्या खिडक्यांत डोकी जमायची. खिडक्यांतल्या त्या डोक्यांसाठी मी कुठलाही चेंडू मारायचो, डोक्यावरून जाणारासुद्धा. आणि हा थांब्या नुसता उभा राहून बेसवर पोचायचा आणि वर आमच्या क्रीडाशिक्षकांची शाबासकी घ्यायचा. तिळपापड व्हायचा माझा.

सोडलेल्या चेंडूबद्दल त्याला कोणी छेडलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं असे. "यो माजा नवता." बस. पुढे स्पष्टीकरण नाही, वाद नाही. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, पिचर काय चेंडूवर नाव लिहून टाकतो का?" तर शांतपणे म्हणाला, "नाव नाय लिवत. पन कलतं." मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुःखाची दुसरी बाजू अशी की आम्ही त्यांचे भाडेकरू होतो. खाडीकडच्या गावठाणात त्यांची चार मजल्यांची इमारत. एकेकाळी तिथे त्यांची भातखाचरं होती, नंतर शहर आलं आणि खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. तळमजल्यावर ते राहायचे, वर भाडेकरू. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे साताऱ्याकडून आलेले, वडील तुर्भ्याच्या कारखान्यात. आई ऊठसूट म्हणायची, "त्या रोशनकडं बघ जरा. मालकाचं पोरगं, पण किती शांत हाय." कॉलेजात थांब्या, जिन्यात थांब्या, आणि जेवायला बसलो की आईच्या तोंडी थांब्या. त्यात त्याची आई निवट्यांचं कालवण केलं की एक वाटी आठवणीने वर पाठवायची आणि ते इतकं चांगलं असायचं की त्याचाही मला राग यायचा.

निवट्यांवरून आठवलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. ओहोटीला थांब्या वडिलांबरोबर त्या पकडायला जायचा, तोही नुसत्या हाताने. एकदा मीही हट्टाने गेलो. निवटी दिसली की मी झडप घालायचो आणि ती कधीच बिळात गेलेली असायची. तासाभरात कंबरेपर्यंत चिखलाने माखलो आणि टोपलीत माझी एकही निवटी नाही. थांब्या एका बिळाशी ओणवा होऊन थांबलेला. समोरून तीन गेल्या, त्याने ढुंकून पाहिलं नाही. चौथी आली आणि त्याचा हात गेला कधी, परत आला कधी, मला कळलंच नाही. त्याचे वडील माझ्याकडे बघून खो खो हसले. "अरं बाला, तू तं चिखलालाच मारतंस!" बापलेक दोघेही हसत होते, त्यात वाईट काही नव्हतं. पण मला ते चांगलंच झोंबलं.

एक गोष्ट मात्र इथे ठासून सांगायची आहे, कारण पुढे ती लागणार आहे. डोळे माझेही कमी नव्हते. रोज सकाळी सहाला आम्ही दोघं मैदानावर जायचो. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने प्लेटपाशी बॅटशिवाय उभं राहून नुसतं ओरडायचं, "आत" किंवा "बाहेर". प्लेटच्या मागे जाळी होती, कधी त्या जाळीमागे उभा राहून मी त्याचे चेंडू सांगायचो. बोटभर बाहेर गेलेला चेंडूही मला दिसायचा. थांब्याच म्हणायचा, "तोफ, तुना माज्यापेक्षा चांगला दिसतंय." खरंच दिसायचं. फक्त बॅट हातात आली की हात शिवशिवायचे आणि दिसलेलं सगळं वाया जायचं.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना एक पारखी आले. आखातात बेसबॉलची नवी लीग सुरू होत होती, तिथे खेळायचा पगार मिळणार होता आणि कॉलेजांतून मुलं निवडायचं काम या सरांकडे होतं. वय साठीच्या पुढे, सुती टोपी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. बरोबर तिकाटण्यावरचा कॅमेरा, चेंडूचा वेग मोजायचं यंत्र आणि कोऱ्या तक्त्यांचा एक जाड गठ्ठा. तीन दिवस ते आमच्या कॉलेजात असणार होते. मी बाबांना सांगून ठेवलं की माझं जवळजवळ झालंच आहे. बाबांनी कारखान्यातल्या मित्रांना सांगून टाकलं. आमच्या घरात पगारी खेळाडू ही गोष्ट कोणी ऐकलेली नव्हती, त्यामुळे आई तर देवाजवळ दोनदा दिवा लावायला लागली.

पहिल्या दिवशी मी जीव तोडून खेळलो. तीन चेंडू नाल्यापार. पोरं नाचत होती, खिडक्या भरल्या होत्या. सर वहीत काहीच लिहीत नव्हते. मी धापा टाकत जवळ गेलो तर म्हणाले, "दुसरा जो पलीकडे टाकलास, तो कुठे आला होता?"

"खांद्याच्या वर, सर."

"मग मारलास कशाला?"

"लागला ना, सर."

"इथे लागला. तिकडे याच्या दीडपट वेगाने येतो, तिथे लागणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मारायला मी सहा महिन्यांत शिकवतो. सोडायला शिकवायला मला अजून जमलेलं नाही." आणि त्यांची मान वळली ती थेट थांब्याकडे. त्या क्षणी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजवर पूर्ण थांबलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी तक्ते वाटले. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची नोंद करायची. चेंडू आत आला तर टिंब, बाहेर गेला तर फुली. शेजारी हिटरने तो मारला की सोडला ते लिहायचं. माझ्याकडे थांब्या आला. जाळीमागे सोनमोहराच्या झाडाखाली एक खुर्ची ठेवली होती. ऊन पाठीमागून, डोक्यावर गार सावली, समोर प्लेट आरशासारखी स्वच्छ. सर कॅमेऱ्याशी काहीतरी करत बाजूला उभे होते.

तीस चेंडू टाकले गेले. थांब्याने त्यातले अकरा सोडले, अकराही बाहेरचे. मला प्रत्येक चेंडू दिसला. त्यातल्या सहांपुढे मी फुलीच्या जागी टिंब काढलं. आतले चेंडू सोडणारा हिटर म्हणजे घाबरट हिटर, एवढं गणित मला कळत होतं. अकराच्या अकरा बदलले असते तर संशय आला असता, म्हणून सहाच. शेवटचं टिंब तर जरा घोटूनच काढलं. मग आमची अदलाबदल झाली. थांब्या त्याच खुर्चीत बसला, मी मारायला गेलो. माझा तक्ता भरून त्याने सरांना दिला आणि परत येताना मला म्हणाला, "दोन चांगले सोडलेस तू आज." त्याला त्याचं खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांनाच जिमखान्याच्या खोलीत बोलावलं. खिडकीतून मैदान दिसत होतं. टेबलावर आमचे दोन तक्ते. सर म्हणाले, "खरं तर मला तुम्हा दोघांनाही न्यायचं होतं." माझं काळीज सुपाएवढं झालं. माझ्याकडे वळून ते पुढे म्हणाले, "तुझ्या हातात ताकद आहे. सोडणं जमत नाही, पण चेंडू नीट दिसत असेल तर तेही कधी ना कधी जमतं, असं मला वाटत होतं. मारताना डोळ्यांची परीक्षा होत नाही, म्हणून मी तुम्हाला लिहायला बसवलं. चेंडू कुठे आला हे कॅमेऱ्यात होतंच की, त्यासाठी मला तुमचे कागद नको होते. मला बघायचं होतं ते लिहिणाऱ्याला काय दिसतं. याने तुझे सगळे चेंडू बरोबर लिहिलेत. तू लिहिलेले तिसांतले सहा चुकले. स्वच्छ बाहेर गेलेले चेंडू तुला आत दिसले. डोळे कच्चे आहेत बेटा. मग कसं नेऊ?"

आता माझी पंचाईत तुमच्या लक्षात आली असेल. "सर, माझे डोळे ठणठणीत आहेत" असं म्हणावं, तर मग मी लबाड ठरतो. गप्प बसावं तर आंधळा. मी आंधळं व्हायचं ठरवलं आणि मान खाली घातली.

आणि तेवढ्यात थांब्या बोलला. दोन वर्षांत मोठ्या माणसापुढे न विचारता तो पहिल्यांदाच बोलला असेल. "नाय सर, चूक होतंय तुमची. याचे डोले माज्यापेक्षा चांगले हायत. रोज सकालला आमी दोघं जातो, जालीमागना बोटभर बाहेर गेलेला पन यो सांगतो. याला सगला दिसतं सर, एकदम सगला..."

आणि तो थांबला. वाक्याच्या मधोमध. त्याने टेबलावरचा माझा तक्ता बघितला, वर त्याचं स्वतःचं नाव बघितलं, ती सहा टिंबं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. सरांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. त्यांनाही कळलं होतं. मला वाटत होतं की आता हा बोलेल, आता सांगेल, आणि सांगितलं तर त्याचं काहीच चुकणार नाही.

थांब्या म्हणाला, "ऊन होतं सर. त्या खुर्चीत बसला की सगला ऊन डोल्यावर येतं. मना पन जरा तरास झालेला."

सरांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. दुपारची तीच वेळ होती. सोनमोहराखाली ती खुर्ची अजून तिथेच होती, सावलीत. त्यांनी दोन्ही तक्ते फाईलमध्ये सरकवले आणि म्हणाले, "असेल." थांब्याचं नाव पक्कं झालं. माझ्याबद्दल त्यांनी क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगितलं, की मुलाचे डोळे एकदा तपासून घ्या.

ते शेवटचं वाक्य आईपर्यंत पोचलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला वाशीला चष्म्याच्या दुकानात नेलं. मी मोठ्या अक्षरांपासून अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत सगळं धडाधड वाचून दाखवलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ. असे डोळे मी महिन्यातून एखादेच बघतो." आई जाम खूश झाली. बसमध्ये शेजारच्या बाईलाही तिने ते सांगितलं. मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो.

थांब्या मला एका शब्दाने बोलला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तर हिशेब मिटला असता आणि मीही चार दिवस रुसून मोकळा झालो असतो. पण नाही. त्या संध्याकाळी जिन्यात भेटला तर नेहमीच्या आवाजात म्हणाला, "उद्या येतंस ना सकालला?" मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. तो प्लेटपाशी उभा होता, बॅटशिवाय. मी चेंडू टाकले, तो "आत", "बाहेर" ओरडत राहिला. जाईपर्यंत रोज हेच.

तो निघाला त्या दिवशी गावठाणातली गल्ली माणसांनी भरली होती. त्याच्या आईने त्याला ओवाळलं, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी वर गॅलरीतच उभा राहणार होतो, पण आईने ढकलून खाली पाठवलं. गाडीत बसता बसता थांब्याने पिशवीतून एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सरांचे कोरे तक्ते. "सर बोल्ले, उरलेत ते राहू दे. मी काय करू यांचा? तुज्याकडं ठेव. तू बघतंस चांगला." गाडी निघून गेली. त्या गर्दीत हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन उभा असलेला मी एकटाच होतो.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या कचेरीत बसतो. ट्रक कुठे पोचला, माल कधी उतरला, हे बघतो. थांब्या तिकडे खेळतो. त्याच्या सामन्यांचं चित्रण फोनवर येतं आणि रविवारी सकाळी चहा घेऊन मी ते बघायला बसतो. समोर तक्ता, हातात पेन. गठ्ठा कधीच संपला, आता मी झेरॉक्स काढून आणतो. आत आला तर टिंब, बाहेर गेला तर फुली. मग कागदाचा फोटो काढून त्याला पाठवतो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच सुरू केलं. कौतुकाने करतो असं कोणी समजू नये. त्याची एक तरी चूक सापडावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघतो. त्याचं उत्तर नेहमी एका ओळीचं असतं. "सातवा बाहेर होता." मी परत बघतो. सातवा केसभर का होईना, बाहेर असतो. त्या वेळी किती राग येतो म्हणून सांगू.

गेल्या महिन्यात एका तक्त्याच्या तळाशी, का कोण जाणे, मी एक ओळ लिहिली. "त्या दिवशी ऊन माझ्या पाठीला होतं." आणि विचार बदलायच्या आत फोटो पाठवून टाकला. त्याने तो पाहिल्याची खूण लगेच आली. मी चहा गरम करून आणला, तो परत गार झाला. दुपारी जेवताना फोन वाजला.

"म्हायती हाय. नववा चेंडू परत बघ. आत होता."

मी हात न धुताच नववा चेंडू परत लावला. एकदा पाहिला, थांबवून पाहिला, सावकाश करून पाहिला. चांगला चार बोटं बाहेर होता. शाळेतल्या पोरालाही दिसला असता. मी लिहिलं, "बाहेर होता."

उत्तर लगेच आलं. "हां. मंग सरांना मी बरोबर बोल्लेलो. तुजे डोले चांगलेच हायत."

नववा चेंडू थांब्याला चुकीचा दिसला असेल, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. मी त्याला वर्षानुवर्षं बघतोय. जन्मभरात तो फक्त दोनदा बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवताना मला दिसला, एकदा जिमखान्याच्या त्या खोलीत आणि एकदा हा असा, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. आता अशा माणसावर जळू नको तर काय करू?